पाटी ख्रिस्ती, पदवी कोणाची?
इंग्रजी साहित्याच्या शिक्षणासाठी ख्रिस्ती विद्यापीठाची निवड करण्यापूर्वी

बारावीनंतर इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळवण्याचा विचार घरात निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. इंग्रजी शिकायचे तर ते मिशनऱ्यांच्याच संस्थेत, हे एक मत. आणि तिथे गेल्यावर धर्माचे काय, ही दुसरी शंका. दोन्ही मतांना इतिहासाचा थोडाफार आधार आहे. पण या चर्चेत एक प्रश्न बहुधा मागे राहतो आणि विद्यार्थ्याच्या भवितव्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. तीन-चार वर्षांनंतर हाती पडणाऱ्या प्रमाणपत्रावर नाव कोणाचे असणार? संस्थेच्या दारावरील पाटी आणि पदवी देणारे विद्यापीठ या भारतात पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. ख्रिस्ती संस्थांच्या बाबतीत तर हा घोळ दोनशे वर्षांचा आहे.

महाविद्यालय वेगळे, विद्यापीठ वेगळे

विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. महाराष्ट्राला परिचित असलेल्या बहुतेक ख्रिस्ती संस्था या व्याख्येत बसत नाहीत. मुंबईचे विल्सन व सेंट झेवियर्स, नागपूरचे हिस्लॉप आणि नगरचे अहमदनगर कॉलेज ही महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्याला पदवी मिळते ती अनुक्रमे मुंबई, नागपूर व पुणे विद्यापीठाची. सेंट झेवियर्ससारखे महाविद्यालय २०१० मध्ये स्वायत्त झाले, म्हणजे अभ्यासक्रम आखणे, परीक्षा घेणे व निकाल लावणे ही कामे त्याच्याकडे आली. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच राहिली.

ख्रिस्ती व्यवस्थापनाखालील खरीखुरी विद्यापीठे त्या मानाने अलीकडची आहेत. बंगळुरूचे ख्राइस्ट हे त्यांतील सर्वाधिक परिचित नाव. कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या केरळातील कॅथलिक संघाने १९६९ मध्ये सुरू केलेले हे महाविद्यालय २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. पुण्याजवळ लवासा येथे त्याचे एक संकुल असल्याने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची तिथे चौकशी असते. त्याच शहरातील सेंट जोसेफ्स हे १८८२ पासूनचे महाविद्यालय राज्य सरकारच्या कायद्यान्वये २०२२ मध्ये विद्यापीठ म्हणून काम करू लागले. गुवाहाटीचे आसाम डॉन बॉस्को, कोलकात्याचे सेंट झेवियर्स ही राज्यांच्या कायद्यांनी स्थापन झालेली आणखी काही विद्यापीठे. पुण्यात औंध येथे २०१४ च्या राज्य कायद्यान्वये स्थापन झालेले स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या पंथाचे असून हा पंथ रविवारऐवजी शनिवार हा विश्रांतीचा व उपासनेचा दिवस मानतो.

यांपैकी प्रत्येक ठिकाणी इंग्रजीची स्वतंत्र पदवी असतेच असे नाही. शिवाय एकाच विद्यापीठाच्या सर्व संकुलांत सारखे अभ्यासक्रम नसतात. बंगळुरूच्या माहितीपत्रकावरून लवासाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

सेरामपूरचा धडा

पाटी आणि पदवी यांतील अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण कोलकात्याजवळच्या सेरामपूरचे आहे. (हे नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे.) विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे महाविद्यालय काढले. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी १८२७ मध्ये या महाविद्यालयाला सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही विद्यापीठे त्यानंतर तीस वर्षांनी, १८५७ मध्ये स्थापन झाली. या हिशेबाने आधुनिक भारतातील पदवीदानाचा पहिला अधिकार एका ख्रिस्ती संस्थेला मिळाला होता.

तरीही आज सेरामपूरमध्ये इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळते ती कोलकाता विद्यापीठाची पदवी. सनदेचा वारसा धर्मशास्त्राच्या पदव्यांपुरता उरला आहे. त्या पदव्या सेरामपूरची सिनेट देते आणि देशातील अनेक धर्मशास्त्र महाविद्यालये तिच्याशी संलग्न आहेत. एकाच आवारात दोन विषय आणि दोन वेगळे पदवीदाते, अशी ही रचना आहे.

मराठी वाचकासाठी या कहाणीत आणखी एक धागा आहे. कॅरी हे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत. वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतील कोश प्रसिद्ध केला. सेरामपूरच्या संस्थापकांचा ओढा पौर्वात्य साहित्य आणि युरोपीय विज्ञान या दोहोंकडे होता. म्हणजे ‘मिशनरी म्हणजे इंग्रजी’ हे समीकरण आरंभी तरी खरे नव्हते. ते रूढ झाले अलेक्झांडर डफ यांच्यापासून. या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३० मध्ये कोलकात्यात इंग्रजी माध्यमाची संस्था काढली. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये जी शाळा सुरू केली तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. मद्रासमध्ये १८३७ च्या शाळेतून मद्रास ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले.

विषयाचा जन्म भारतात

इंग्रजी साहित्य हा पदवीचा विषय म्हणून इंग्लंडमधून तयार होऊन भारतात आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८९४ मध्ये सुरू झाला, तर केंब्रिजमध्ये त्यासाठी १९१७ साल उजाडले. तोवर तिथे प्रतिष्ठा होती ती ग्रीक आणि लॅटिनला. भारतातील महाविद्यालयांत मात्र शेक्सपिअर आणि मिल्टन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून शिकवले जात होते.

याचे कारण धर्माच्या राजकारणात होते. ईस्ट इंडिया कंपनीला प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप केल्याचा ठपका नको होता. त्यामुळे सरकारी शाळांत बायबल शिकवण्यास मनाई होती, तर मिशनऱ्यांचा आग्रह नेमका त्याचाच होता. या पेचातून सरकारने मार्ग काढला तो साहित्याचा. ख्रिस्ती नीतिकल्पनांनी भारलेले इंग्रजी काव्य व गद्य शिकवले, तर धर्मग्रंथ न उघडताही संस्कार होतील, असा हा हिशेब होता. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात ही मांडणी सविस्तर केली आहे आणि या विषयाच्या अभ्यासकांना ती आज टाळता येत नाही. मिशनऱ्यांच्या संस्थांत बायबल आणि साहित्य दोन्ही शिकवले जात आणि तेथील बायबलचा तास पुढे कित्येक वर्षे टिकला.

हा हिशेब चालकांच्या अपेक्षेप्रमाणे मात्र कधीच जुळला नाही. मिशनच्या शाळांत शिकलेल्या बाबा पदमनजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठीला पहिली कादंबरी दिली, हे खरे. पण बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी घेऊन बाहेर पडले, ते नोकरीकडे, वृत्तपत्रांकडे आणि पुढे राष्ट्रीय चळवळीकडे. डफ यांच्या संस्थेतील एक प्रसंग विवेकानंदांच्या चरित्रांत नोंदवलेला आहे. प्राचार्य विल्यम हेस्टी हे वर्डस्वर्थची ‘एक्सकर्शन’ ही कविता शिकवत होते. समाधीची अवस्था समजावून सांगताना त्यांनी दक्षिणेश्वरच्या रामकृष्णांचा उल्लेख केला आणि वर्गातील नरेंद्रनाथ दत्त या विद्यार्थ्याच्या कानावर ते नाव पडले. ख्रिस्ती महाविद्यालयातील इंग्रजीच्या तासाने एका विद्यार्थ्याला कालीमंदिराची वाट दाखवली, असे म्हणावे लागेल.

विसाव्या शतकातील मुंबईतही हेच दिसते. भारतीय इंग्रजी कवितेचे अध्वर्यू निसीम इझिकेल हे बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील ज्यू समाजातले. ते विल्सन कॉलेजात शिकले. पुण्यात जन्मलेल्या गोवन कॅथलिक कवयित्री युनिस डिसूझा यांनी जेझुइटांच्या सेंट झेवियर्समध्ये इंग्रजी विभागाचे प्रमुखपद भूषवले. आपल्याच समाजाच्या दांभिकतेवर तिरकस प्रहार करणारा ‘फिक्स’ हा त्यांचा संग्रह १९७९ चा, म्हणजे त्या तिथे शिकवीत असतानाचा आहे. व्यवस्थापनाचा धर्म आणि वर्गात घडणारे साहित्य यांची गल्लत करू नये, हे सांगण्यास एवढी उदाहरणे पुरेशी आहेत.

बायबलचा अभ्यास किती?

पदवीचा अभ्यासक्रम आज सर्वत्र साधारण एकाच चौकटीत आहे. इंग्रजी साहित्याचा इतिहास, शेक्सपिअर, काव्य, कादंबरी, नाटक, समीक्षासिद्धान्त, भाषाविज्ञान, भारतीय इंग्रजी साहित्य, अमेरिकी साहित्य, वसाहतोत्तर लेखन आणि अनुवादित भारतीय साहित्य हे त्याचे मुख्य भाग. दलित आत्मकथने इंग्रजी अनुवादातून अनेक ठिकाणी शिकवली जातात. ख्राइस्टमध्ये या विभागाचे नावच ‘इंग्रजी आणि संस्कृती अभ्यास’ असे आहे. त्यावरून विषयाचा विस्तार ध्यानात यावा. ख्रिस्ती संस्थेत धर्मशास्त्र शिकवले जाते, या समजुतीला इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आधार सापडत नाही.

तथापि बायबलची ओळख असल्याखेरीज हा विषय पुरता कळत नाही आणि हे कोणत्याही विद्यापीठाला लागू आहे. गीता ठाऊक नसताना ज्ञानेश्वरी वाचावी, तशी बायबलविना मिल्टन वाचणाऱ्याची अवस्था होते. ‘पॅराडाइस लॉस्ट’ (१६६७) हे महाकाव्य उत्पत्तीच्या पुस्तकातील मोजक्या अध्यायांवर उभे आहे. ड्रायडनचे ‘अ‍ॅब्सलम अँड अ‍ॅकिटोफेल’ (१६८१) हे राजकीय उपरोधकाव्य दावीद राजा व त्याचा बंडखोर पुत्र अबशालोम यांची कथा माहीत नसेल तर समजत नाही. हा प्रभाव जुन्या लेखकांपुरता नाही. हेमिंग्वेच्या ‘द सन ऑल्सो रायझेस’चे (१९२६) नाव उपदेशक या पुस्तकातून आले, तर टोनी मॉरिसन यांच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ने (१९७७) गीतरत्न या पुस्तकाचे इंग्रजी नाव घेतले. इंग्रजी गद्याची लय घडवण्यात १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलचा वाटा फार मोठा आहे.

ख्रिस्ती संस्थेत या संदर्भांची ओळख ग्रंथालयात, प्रार्थनागृहात आणि सहाध्यायांच्या बोलण्यात सहज होते. तो लाभ खरा आहे. पण अन्यत्र शिकणाऱ्यालाही तो मिळवता येतो. उत्पत्ती, निर्गम, ईयोब, स्तोत्रसंहिता, चार शुभवर्तमाने आणि प्रकटीकरण एवढे भाग मराठीतून वाचून मग इंग्रजीतून वाचले, तरी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची निम्मी अडचण दूर होते.

धर्माची सक्ती करता येते का?

राज्यघटनेच्या कलम ३० नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार आहे. त्याच घटनेचे कलम २८(३) विद्यार्थ्याचे रक्षण करते. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. त्यासाठी त्याची स्वतःची संमती लागते आणि तो अज्ञान असेल, तर पालकांची. बारावीनंतर प्रवेश घेणारे अनेक विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात; म्हणून प्रवेशअर्जासोबतच्या संमतीपत्रांवर सही करण्यापूर्वी पालकांनी ती नीट वाचावीत. मूल्यशिक्षणाचा तास, सकाळची प्रार्थना आणि प्रत्यक्ष धर्मशिक्षण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यांतील काय अनिवार्य आहे आणि काय ऐच्छिक, हे लेखी विचारण्यात संकोच नसावा.

प्रवेश आणि आरक्षण

अल्पसंख्याक दर्जाचा प्रत्यक्ष परिणाम होतो तो प्रवेशावर. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या सुमारास अनुदानित अल्पसंख्याक संस्थांना आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखण्यास मान्यता दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने सर्वत्र एकच टक्केवारी असावी हा आग्रह सोडला. त्याच सेंट स्टीफन्सच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, की बिगरअल्पसंख्याक विद्यार्थ्यांचे प्रवेश केवळ सीयूईटी या सामाईक परीक्षेच्या गुणांवर व्हावेत. मुलाखत ख्रिस्ती विद्यार्थ्यांपुरतीच घेता येईल. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ अल्पसंख्याक असू शकते का, हा वादही जुना. केवळ कायद्याने अस्तित्वात आले एवढ्यावरून हा दर्जा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अलिगढ विद्यापीठाच्या प्रकरणात बहुमताने दिला.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी येथे विशेष सावध असावे. घटनेच्या कलम १५(५) मध्ये शैक्षणिक प्रवेशांतील आरक्षणाची जी तरतूद आहे, तिच्यातून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. म्हणजे सरकारी विद्यापीठात ज्या राखीव जागेवर प्रवेश निश्चित वाटतो, ती जागा येथे असेलच असे नाही. काही संस्था स्वतःहून वंचित घटकांना सामावून घेतात. पण तो त्यांच्या धोरणाचा भाग असतो. खासगी व अभिमत विद्यापीठांचे शुल्क अनुदानित महाविद्यालयांच्या तुलनेत बरेच अधिक असते. शासकीय शिष्यवृत्ती वा शुल्कप्रतिपूर्ती त्या संस्थेला आणि परराज्यातील शिक्षणाला लागू आहे का, याची खातरजमा पहिला हप्ता भरण्यापूर्वीच करावी.

परदेशात अर्थ वेगळा

अमेरिकेतील ख्रिस्ती विद्यापीठाचा विचार करणाऱ्यांनी भारतातील अनुभवावरून निष्कर्ष काढू नये. टेक्सासमधील बेलर या बाप्टिस्ट परंपरेच्या विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना धर्मविषयक अभ्यासक्रम व प्रार्थनासभेतील उपस्थिती ही अट असते; नॉत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात धर्मशास्त्र व तत्त्वज्ञानाचे अभ्यासक्रम सर्वांना घ्यावे लागतात. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेज विद्यार्थ्यांकडून ख्रिस्ती आचारसंहितेचे पालन अपेक्षिते. त्याच व्हीटनमध्ये सी. एस. लुईस व त्यांच्या वर्तुळातील लेखकांच्या कागदपत्रांचा मोलाचा संग्रह आहे आणि बेलरमध्ये रॉबर्ट व एलिझाबेथ ब्राउनिंग यांच्या साहित्याला वाहिलेले भव्य ग्रंथालय. म्हणजे तिथे इंग्रजीच्या अभ्यासकाला समृद्ध सामग्री मिळते, पण धर्माशी नातेही अधिक थेट असते.

पदवीनंतर काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी तीन किंवा चार वर्षांची असते. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांसाठी किमान १२०, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक धरले आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला होतो. महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता लागते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. पत्रकारिता, प्रकाशन, अनुवाद, जाहिरातलेखन, विधी शिक्षण आणि स्पर्धा परीक्षा हे नेहमीचे मार्ग आहेतच. यांतील मराठी-इंग्रजी अनुवाद हे क्षेत्र दोन्ही भाषा जाणणाऱ्यांची वाट पाहत आहे. मराठी सोडून केवळ इंग्रजीच्या मागे लागणारा विद्यार्थी ही संधी आपल्याच हाताने घालवतो.

अर्ज भरण्यापूर्वी

नावातील ‘ख्राइस्ट’, ‘बायबल’ किंवा ‘सेंट’ हे शब्द मान्यतेचा पुरावा नव्हेत. आयोगाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या बनावट विद्यापीठांच्या यादीत गुंटूरचे ‘ख्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी’ आणि विशाखापट्टणमचे ‘बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया’ ही नावे होती. नामसाधर्म्यामुळे फसगत होणे किती सोपे आहे, हे यावरून दिसते. अशा संस्थेची पदवी नोकरीला वा पुढील शिक्षणाला चालत नाही आणि गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

म्हणून चार गोष्टी पाहाव्यात. संस्थेचे नाव आयोगाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत आहे का. पदवी कोणाच्या नावे मिळणार. ज्या संकुलात प्रवेश घ्यायचा तिथे इंग्रजीचा अभ्यासक्रम व पूर्णवेळ शिक्षक आहेत का. आणि धार्मिक कार्यक्रमांतील सहभागाचे नियम कोणते. या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर पाटीवरील शब्दाचे दडपण राहत नाही. इंग्रजी साहित्याचा वर्ग विद्यार्थ्याला कुठे घेऊन जाईल, हे डफ यांना ठरवता आले नाही आणि कंपनी सरकारलाही नाही. पदवी कोणाची घ्यायची, हे मात्र विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना आजच ठरवता येते.